पाय टेकला की गुण गेला: स्कॉटलंडची सहा दिवसांची मोटरसायकल ट्रायल

१९६१ साली गॉर्डन जॅक्सन हा इंग्रज मोटरसायकलस्वार एजेएस कंपनीची ३५० सीसी गाडी घेऊन स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात सहा दिवस हिंडला. ओढ्यांतले गोटे, शेवाळलेले कातळ, गुडघाभर चिखल, उभे चढ असं सगळं पार करत त्याने स्पर्धा जिंकली. अख्ख्या आठवड्यात त्याच्या नावावर एकच दंडगुण लागला. तोल सावरायला त्याने एकदा, फक्त एकदा, पाय जमिनीला टेकवला होता.

किती वेळात पोचला, किती वेगाने गेला, कोणाला मागे टाकलं, याची त्या निकालात नोंदच नाही. मोटरसायकलची स्पर्धा म्हटली की आपल्याला सुसाट वेग, गुडघा घासत घेतलेली वळणं आणि धुरळा आठवतो. म्हणूनच फोनवर कधीतरी तो व्हिडिओ येतो, ज्यात सीट नसलेल्या गाडीवर उभा असलेला माणूस घराएवढ्या खडकावर टुणकन चढतो, तेव्हा आपण त्याला सर्कस समजून पुढे सरकवतो. ती सर्कस नाही. त्या खेळाचं नाव ट्रायल्स, आणि त्याची सर्वांत जुनी आणि मानाची स्पर्धा म्हणजे ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’. ती दर वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला, ब्रिटनमधल्या सर्वांत उंच डोंगराच्या, म्हणजे १,३४५ मीटर उंचीच्या बेन नेव्हिसच्या पायथ्याशी, फोर्ट विल्यम या गावी भरते.

मोजतात ते नेमकं काय?

लहानपणी खेळलेली लंगडी आठवा. उचललेला पाय टेकला की बाद. ट्रायल्सचा आत्मा तोच आहे. फरक एवढाच की इथे दोन्ही पाय गाडीच्या फूटरेस्टवर ठेवायचे असतात, आणि एकदा टेकल्याने माणूस बाद होत नाही, त्याच्या खात्यात एक दंडगुण जमा होतो.

संपूर्ण मार्गावर मात्र ही मोजणी होत नाही. मार्गात जागोजागी अवघड तुकडे आखलेले असतात, त्यांना सेक्शन म्हणतात. एखाद्या ओढ्याच्या पात्रातला तीस-चाळीस मीटरचा दगडांचा पट्टा, एखादी कातळाची धार, झाडांच्या मुळांतून जाणारा चढ. दोन्ही बाजूंना खुणा लावलेल्या असतात आणि तिथे निरीक्षक उभा असतो. गाडी आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत तो फक्त पाय बघतो. एकदाही टेकला नाही तर शून्य. एकदा टेकला तर १, दोनदा टेकला तर २, तीन किंवा त्याहून जास्त वेळा टेकला तरी ३. आणि गाडी आडवी झाली, खुणांच्या बाहेर गेली किंवा सेक्शन पुरा झालाच नाही, तर ५. आठवड्याच्या शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो जिंकला.

३ आणि ५ यांतल्या फरकात खेळाची सगळी हुशारी दडलेली आहे. तोल गेलाच आणि तिसऱ्यांदा पाय टेकला, की पुढे कितीही वेळा टेकवा, किंमत तीच. मग लाजायचं कशाला? दोन्ही पायांनी वल्हवत, धापा टाकत, कसंही करून गाडी बाहेर काढायची. दिसायला ते अगदी केविलवाणं दिसतं, पण दोन गुण वाचतात. उलट, शून्याच्या हट्टापायी पाय वर ठेवून बसलेला माणूस शेवटच्या दगडावर आडवा होतो आणि पाच घेऊन जातो. चांगल्या स्वाराला कुठे हट्ट धरायचा आणि कुठे सोडायचा हे क्षणात ठरवावं लागतं.

रोज साधारण तीस सेक्शन, सहा दिवसांत एकशे ऐंशी. म्हणजे सगळीकडे पाच मिळाले तर ९०० गुण. स्पर्धेत पुढे असणाऱ्यांची आठवड्याची बेरीज बऱ्याच वर्षी दोन आकड्यांतच राहते. एकशे ऐंशीपैकी बहुतेक सेक्शन शून्यावर काढल्याशिवाय ते शक्य नाही.

हळूच तर चालवायचंय, मग अवघड काय?

ही शंका हमखास येते आणि ती रास्त आहे. तिचं उत्तर सायकल चालवणाऱ्या कुणालाही अर्धं माहीत असतं. दुचाकी वेगात असली की हँडलच्या बारीकशा हालचालीने तोल आपोआप सावरला जातो. वेग कमी होत गेला की ही मदत आटते, आणि चालण्याच्या वेगाच्याही खाली आली की सगळा तोल माणसाच्या अंगावर येतो. बाइकच्या लायसन्ससाठी आठचा आकडा काढताना पाय का टेकतो, ते आता लक्षात येईल. त्या आकड्याखाली ओले गोटे घाला, मग गंमत बघा.

त्यात मोटर आली की आणखी एक अडचण येते. ओल्या दगडावर मागच्या चाकाला थोडी जास्त ताकद मिळाली तर ते जागच्या जागी फिरतं आणि गाडी आडवी घसरते. थोडी कमी मिळाली तर गाडी चढाच्या मधेच थबकते. या दोन टोकांमधली जागा अगदी चिंचोळी असते आणि ती प्रत्येक दगडागणिक बदलते. म्हणून ट्रायल्सचा स्वार एक बोट सतत क्लचवर आणि एक ब्रेकवर ठेवतो. क्लच हा गिअर बदलण्यापुरता असतो, असं आपल्याला रस्त्यावर शिकवतात. इथे गाडी खरं तर क्लचवरच चालते. मोठ्या खडकासमोर स्वार क्लच दाबून इंजिन फिरवतो, त्या फिरण्याची ताकद इंजिनातल्या जड चक्रात साठते, आणि ऐन क्षणी क्लच सोडला की ती सगळी एका झटक्यात मागच्या चाकात उतरते. त्याच वेळी गुडघे वाकवून दाबलेलं सस्पेन्शन उसळी घेतं आणि स्वार अंग वर उचलतो. पुढचं चाक खडकाच्या माथ्याला लागतं, मागचं त्याच्यामागून येतं. व्हिडिओत जी उडी वाटते ती अशी तीन-चार गोष्टी एकाच वेळी जुळल्याने घडते. अर्ध्या सेकंदाची चूक झाली तर माणूस खाली आणि गाडी वर.

स्पर्धेत स्वार सेक्शनच्या आधी गाडी लावून पायी फिरताना दिसतात. कोणत्या दगडावर चाक ठेवायचं, कुठे वळायचं, कुठला गोटा हलतो, हे सगळं ते आधी बघून ठेवतात. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, हे दमले बहुतेक. खरं तर निम्मा सेक्शन तिथेच पार झालेला असतो.

गाडीला सीट का नाही?

कारण बसायचंच नाही. आजची ट्रायल्सची गाडी साधारण ७० किलोच्या आसपास असते. आपली नेहमीची बुलेट पावणेदोनशे किलोच्या पुढे जाते. म्हणजे इथे बऱ्याचदा स्वाराचं वजन गाडीपेक्षा जास्त असतं, आणि त्यामुळे सगळा हिशेबच बदलतो. रस्त्यावर गाडी आपल्याला वाहून नेते. इथे माणूस हेच मुख्य वजन. तो जिकडे झुकेल तिकडे पकड वाढते. मागच्या चाकाला पकड हवी तर मागे कलायचं, पुढचं उचलायचं तर अंग मागे टाकायचं, उतारावर कंबर थेट मागच्या मडगार्डवर न्यायची. मध्ये सीट असती तर ती फक्त अडली असती.

टायर हाही वेगळाच प्रकार. साध्या मोटरसायकलच्या टायरमध्ये पंचवीस-तीस पीएसआय हवा असते. ट्रायल्सच्या मागच्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय. इतका मऊ टायर दगडाच्या धारेवर टेकला की तिच्याभोवती दबून बसतो, जमिनीला लागणारा भाग वाढतो आणि पकड मिळते. हाच टायर रस्त्यावर ताशी ऐंशीने पळवला तर वळणावर डुलेल. पण इथे ऐंशीचं नावच कुणी घेत नाही. पेट्रोलची टाकी दोन-तीन लिटरची. इंजिनाचं पोट जमिनीपासून बरंच उंच, खाली जाड पत्रा. हँडल इतकं वळतं की गाडी जवळजवळ जागच्या जागी फिरवता येते.

एका दिवसात भागलं नसतं का?

ट्रायल्सच्या बहुतेक स्पर्धा एक-दोन दिवसांतच संपतात. स्कॉटलंडच्या या स्पर्धेचं वेगळेपण त्या सहा आकड्यात आहे, आणि माझ्या मते तिची थोरवीही तिथेच आहे.

सेक्शन तीस-चाळीस मीटरचे, पण त्यांच्यामधलं अंतर मोठं. काही दिवशी शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास होतो. त्यात गाडीवाट, दलदलीचा माळ, झुडपांनी माखलेले उतार आणि साधा डांबरी रस्ताही येतो. सार्वजनिक रस्ता लागतो म्हणून गाडीला नंबरप्लेट आणि स्वाराला लायसन्स हवंच. हे सगळं सीट नसलेल्या गाडीवर, बहुतेक वेळ उभ्याने. काही स्वार या आठवड्यापुरती छोटी गादी आणि मोठी टाकी बसवून घेतात. दिवसाला ठरलेला वेळ असतो, उशीर झाला तर त्याचेही दंडगुण. त्यामुळे सेक्शन निवांत पाहत बसता येत नाही.

स्कॉटलंडच्या या भागात मे महिन्यातही उंचावर बर्फ पडू शकतो आणि पाऊस तर पाहुणा नसून घरचाच. पहिल्या दिवशी सगळेच ताजेतवाने असतात. तिसऱ्या दिवसापासून हाताचे पंजे आखडतात, तळव्यांना फोड येतात, क्लचवरचं बोट वेळेवर हलत नाही. चौथ्या दिवशी जो माणूस सकाळी सहज शून्य काढतो, तोच दुपारी त्याहून सोप्या जागी पाय टेकतो. एका दिवसाच्या स्पर्धेत कौशल्य दिसतं. सहा दिवसांत ते कौशल्य थकल्यावर किती उरतं ते दिसतं.

गाडीचंही तेच. सहाही दिवस एकच गाडी. रात्री सगळ्या गाड्या एका बंदिस्त जागेत ठेवल्या जातात आणि तिथे त्यांना हात लावता येत नाही. दुरुस्ती करायची तर ती मिळालेल्या वेळेतच. म्हणजे पंक्चर काढण्यात घालवलेली वीस मिनिटं पुढच्या सेक्शनवरून वजा होतात.

नशिबाचा वाटा शक्य तितका कमी करायलाही हे सहा दिवस उपयोगी पडतात. दगडावरचं शेवाळ पहिल्या पन्नास गाड्यांना नडतं, मागून येणाऱ्यांना दगड घासून स्वच्छ मिळतो. चिखलाच्या चढावर याच्या उलट, आधी जाणाऱ्याची चैन आणि मागच्याचे हाल. म्हणून निघण्याचा क्रम रोज फिरवला जातो. आज शेवटी निघालेला दुसऱ्या दिवशी आधी निघतो.

मुळात हे सहा दिवस खेळासाठी आलेच नव्हते. स्पर्धा १९०९ साली सुरू झाली तेव्हा ती पाच दिवसांची होती आणि प्रश्न साधा होता: ही नवी यंत्रं डोंगर चढून परत येतात का? त्या काळात मोटरसायकल चढावर बंद पडणं ही रोजची गोष्ट होती. १९११ साली हेन्री अलेक्झांडर नावाच्या तरुणाने फोर्डची मॉडेल टी गाडी थेट बेन नेव्हिसच्या माथ्यावर नेली, तीही गाड्या खपवण्यासाठीच. यंत्रं विश्वासू झाली तसा हा प्रश्न मागे पडला आणि परीक्षा यंत्राकडून माणसाकडे सरकली. रस्त्यावर नडतील असे चढ मिळेनात म्हणून आयोजक रस्ता सोडून ओढ्यात शिरले. महायुद्धांची वर्षं, २००१ साली गुरांमधली लाळ्या-खुरकताची साथ आणि २०२०-२१ मधली कोविडची साथ, हे खंड सोडले तर एडिनबर्गचा एक मोटर क्लब ही स्पर्धा भरवत आला आहे.

‘इंटरनॅशनल सिक्स डेज एन्ड्युरो’ ही नावाने जवळची वाटणारी स्पर्धा निराळी आहे. ती वेळेशी शर्यत आहे. दोन्ही नावांत सहा दिवस असल्याने मराठीत लिहिणारेही त्यांची सरमिसळ करतात.

बुलेटचं या सगळ्यात काय काम?

२०१९ साली रॉयल एनफिल्डने भारतात ‘बुलेट ट्रायल्स’ नावाची गाडी आणली. ३५० ला लाल फ्रेम, ५०० ला हिरवी, वर वळवलेला सायलेन्सर, एकाच माणसाची सीट. पुण्या-नाशकातल्या बुलेटवाल्यांमध्येही तिची चर्चा झाली, पण नावाचा उगम फारसा कुणी विचारला नाही. तो उगम जॉनी ब्रिटन. या ब्रिटिश स्वाराने १९५२ आणि १९५७ साली स्कॉटलंडची ही स्पर्धा रॉयल एनफिल्डवर जिंकली होती.

आपल्याला बुलेट म्हणजे लष्कर, पोलीस आणि लांबचा प्रवास. पण १९४८ साली मागे स्विंगआर्म (मागचं चाक वर-खाली हलू देणारा दांडा) आणि शॉकॲब्सॉर्बर असलेली नवी बुलेट लोकांसमोर पहिल्यांदा आली ती इंग्लंडमधल्या एका ट्रायलमध्येच. तोवर बहुतेक गाड्यांची मागची बाजू ताठ असायची आणि ट्रायल्सवाल्यांना तेच बरं वाटायचं. मागे स्प्रिंग आली की दगडावर चाकाचा अंदाज येणार नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. जॉनी ब्रिटनसारख्यांनी ती खोटी पाडली. १९५५ मध्ये मद्रासला जुळू लागलेली बुलेट या घराण्यातली.

२०१९ ची गाडी मात्र नावापुरतीच ट्रायल्स होती. बुलेटच्या मूळ वजनाने, सीटसकट, ती ओढ्यातल्या गोट्यांवर शून्य काढेल अशी आशा कुणी करू नये. ती फार काळ विक्रीतही राहिली नाही.

ब्रिटिश गाड्या मग गेल्या कुठे?

सॅमी मिलर या उत्तर आयर्लंडच्या स्वारामुळे गेल्या, असं थोडं अतिशयोक्तीने म्हणता येईल. मिलर एरियल कंपनीच्या ५०० सीसी फोर-स्ट्रोक गाडीवर निष्णात होता. १९६४ च्या अखेरीस त्याने बार्सिलोनाच्या बुल्टॅको कंपनीशी हातमिळवणी केली आणि तिथल्या इंजिनिअरांबरोबर बसून एक हलकी टू-स्ट्रोक गाडी घडवली. १९६५ साली तिच्यावर त्याने स्कॉटलंडची स्पर्धा जिंकली. परदेशी गाडीचा हा तिथला पहिला विजय, आणि टू-स्ट्रोकचाही पहिलाच. त्यानंतर जड ब्रिटिश गाड्यांचे दिवस भराभर सरले. आज या स्पर्धेत दिसणाऱ्या बहुतेक गाड्या स्पेन किंवा इटलीत बनतात: गॅसगॅस, माँटेसा, टीआरआरएस, व्हर्टिगो, बेटा.

गाड्या परदेशी झाल्या तरी विजेते बराच काळ ब्रिटिशच राहिले. ती साखळी १९८० साली फिनलंडच्या यर्यो वेस्टरिनेनने तोडली. आणि मग यॉर्कशरचं लॅम्पकिन घराणं. आर्थर १९६३ मध्ये जिंकला, ॲलन १९६६ मध्ये, तिसरा भाऊ मार्टिन १९७६ पासून सलग तीन वर्षं. मार्टिनच्या मुलाने, डगीने, ही स्पर्धा बारा वेळा जिंकली. त्याच डगीने २०१६ साली आयल ऑफ मॅन बेटावरचा साठ किलोमीटरचा शर्यतीचा रस्ता एकाच चाकावर पार केला. ती मात्र निव्वळ हौस.

अशा लोकांसमोर साध्या माणसाने उतरायचं तरी कशाला?

या स्पर्धेत पावणेतीनशेच्या आसपास स्वार असतात आणि त्यातले बहुसंख्य हौशी. कुणी सुतार, कुणी शेतकरी, कुणी गॅरेजवाला, वर्षाची रजा इथे खर्च करणारा. अर्ज जागांपेक्षा जास्त येतात म्हणून चिठ्ठ्या टाकल्या जातात. जगज्जेत्याचा सेक्शन वेगळा आणि हौशीचा वेगळा असं इथे नसतं. त्याच ओढ्यात, त्याच खुणांमधून, त्याच निरीक्षकासमोर दोघेही जातात. १९२० च्या दशकात मार्जोरी कॉटल इथे पुरुषांच्या बरोबरीने चालवत होती. तिच्यासाठी दगड बाजूला केले गेले नव्हते.

त्यामुळे आखणाऱ्याची कसरत होते. सेक्शन फार अवघड केला तर दोनशे लोक एकामागून एक पाच घेतील आणि रांग तुंबेल. फार सोपा केला तर वरचे दहा जण बरोबरीत राहतील. जागतिक स्पर्धांमध्ये दिसणाऱ्या दोन पुरुष उंचीच्या भिंती इथे नसतात त्या यासाठी. काही चाहते म्हणतात की यामुळे खेळ मागासलेला राहिला. मला तसं वाटत नाही. भिंत चढणारे जगात मोजके आहेत; ओढ्यातून पाय न टेकता जाण्याचं अवघडपण मात्र पाहणाऱ्यालाही कळतं.

डोंगराची नासधूस होत नाही का?

होऊ शकते, आणि हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. स्कॉटलंडमध्ये कुणाच्याही जमिनीवरून पायी किंवा सायकलने जाण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, पण तो मोटरगाडीला लागू नाही. त्यामुळे आयोजकांना मार्गावरच्या जमीनमालकांची परवानगी काढावी लागते. ती नाकारली गेली तर मार्ग बदलतो. सेक्शन शक्यतो खडकाळ जागी असतात, कारण दगडावर चर पडत नाही. गाड्या हलक्या, टायर मऊ, वेग कमी, हेही खरं.

पण दोन सेक्शनांच्या मधे लागणाऱ्या माळाचं काय? तिथली जमीन पीटची, म्हणजे शतकानुशतकं कुजत साठलेल्या वनस्पतींचा ओला, मऊ थर. त्यावर पावणेतीनशे गाड्या एकामागून एक गेल्या तर खूण बराच काळ राहते. स्पर्धा वर्षातून एकच आठवडा असते आणि गावाच्या हॉटेलांना ती पोसते, हा बचाव व्यवहाराचा आहे, निसर्गाचा नाही.

सह्याद्रीत असं होईल का?

गडांवर बाइक चढवून रील काढणाऱ्यांनी हा लेख पुरावा म्हणून वापरू नये. ट्रायल्सला गड लागत नाही आणि राखीव जंगलही नाही. एखाद्याच्या खासगी जमिनीतला चाळीस मीटरचा दगडी नाला, दोन दोऱ्या आणि पाय मोजणारा एक प्रामाणिक माणूस एवढ्यावर सेक्शन उभा राहतो. खरी अडचण गाडीची आहे. नवी गाडी हजारो युरोंची, वर आयातकर, आणि सुटे भाग मागवले तर ते येईपर्यंत पावसाळा संपतो. सराव मात्र कोणत्याही हलक्या जुन्या गाडीवर सुरू करता येतो: मोकळ्या पटांगणात पहिल्या गिअरवर, उभं राहून, पाय न टेकता लहानात लहान वर्तुळं.

बघायला जायचं असेल तर

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना फोर्ट विल्यम गाठणं अवघड नाही. ग्लासगोहून थेट रेल्वे आहे. शेजारच्या किनलॉकलेव्हन गावावरचा ‘पाइपलाइन’ हा सेक्शन नवख्यांनी आधी पाहावा. तिथल्या ॲल्युमिनिअमच्या कारखान्याला वीज पुरवण्यासाठी धरणाचं पाणी मोठ्या नळांतून खाली आणलं होतं. कारखाना बंद झाला, पण नळांच्या कडेचा तो उभा, सुट्या दगडांचा चढ स्पर्धेत टिकून राहिला. जुन्या गाड्यांची हौस असेल तर दोन-तीन दिवस आधी पोचा. मुख्य स्पर्धेच्या तोंडावर याच गावात १९६५ पूर्वीच्या धाटणीच्या गाड्यांची वेगळी ट्रायल होते, आणि तिथे जॉनी ब्रिटनच्या काळातल्या गाड्याही दगडांवर धडपडताना दिसतात. पायात गमबूट हवेत. सेक्शनपर्यंत बऱ्याचदा चालतच जावं लागतं, आणि प्रेक्षकाने पाय कितीही वेळा टेकले तरी चालतात.